लाल फितीची पिन

“काडतूस काढलंय ना गं?” सबनीस सरांनी वरून विचारलं.

“केव्हाच, सर. कागद आहे आमच्याकडे.”

“कागद असतोच. आण बघू. सही कुणाची आहे ते तरी कळेल.”

मी हसले. तेही हसले. एकाहत्तर वर्षांचे विंग कमांडर दिनकर सबनीस कॅनबेरा विमानाच्या वैमानिकाच्या सीटवर, काचेच्या घुमटाखाली बसले होते. डोक्यावरच्या हँडलला मी सकाळी झेंडूची माळ बांधली होती. ती त्यांच्या कानाशी लोंबत होती आणि मधूनमधून ते ती हाताने बाजूला सारत होते. मी शिडीवर उभी राहून विमानाच्या दारातून आत डोकावत होते.

याला आता सोळा वर्षं झाली. साताऱ्याबाहेर माजी सैनिकांच्या एका ट्रस्टने छोटंसं संग्रहालय काढलं होतं आणि मी तिथे जुन्या वस्तूंच्या जपणुकीचं काम करत होते. एकाहत्तरच्या लढाईतल्या जातीचं हे बाँबफेकी विमान कित्येक वर्षं कुठल्याशा धावपट्टीच्या कडेला उन्हापावसात उभं होतं. ते तुकड्यातुकड्यांनी आमच्याकडे आलं, आणि आठ महिने मी त्याचा गंज खरवडत होते. दसऱ्याला लोकांसाठी ते खुलं होणार होतं. सबनीस सर याच जातीचं विमान चालवायचे. भाषणं आणि गर्दी त्यांना नको होती, म्हणून ते आदल्या दिवशीच, खंडेनवमीला, पुण्याहून आले होते. सोबत हळबे काकू होत्या. काकूंचे यजमान सदाशिव हळबे हे सरांचे नॅव्हिगेटर, म्हणजे वाट दाखवणारे आणि बाँब टाकणारे. लढाईत विमान पडलं तेव्हा सर वाचले, हळबे गेले.

काकू त्या वेळी विमानाच्या नाकात होत्या. नॅव्हिगेटर तिथे पालथा झोपून काचेतून खाली बघायचा. “मला ती जागा बघायचीच आहे,” असं म्हणून सहासष्ट वर्षांच्या काकू मुद्दाम पंजाबी ड्रेस घालून आल्या होत्या, आणि चपला काढून त्या बोगद्यासारख्या वाटेने सरपटत पुढे गेल्या होत्या. मला त्यांच्या पायांचे तळवे तेवढे दिसत होते.

मी कागद आणायला ऑफिसात गेले.

कागद चार महिन्यांपूर्वीचा होता. संकटात वैमानिकाला घेऊन विमानाबाहेर उडणारी ती सीट. तिच्या पाठीमागच्या नळीत काडतूस असतं. डोक्यावरचं पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं हँडल ओढलं की ते उडतं आणि सीट वर फेकली जाते. ही सगळी दारू काढायला हवाई दलाच्या डेपोतून दोन माणसं आली होती. दिवसभर खपून त्यांनी कागद दिला. मी तो वाचला, सही केली, फाइलला लावला. आता सही शोधायला गेले तर पहिल्या पानावर सहीच नव्हती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मागे पाहावे.’

मी मागे पाहिलं.

‘घुमट उडवणारी दारू काढली. सीटचे मुख्य काडतूस गंजामुळे नळीत अडकले आहे, निघाले नाही. संग्रहालयाने सोयीची तारीख कळवावी म्हणजे पुन्हा येऊ. तोपर्यंत हँडलची पिन कोणत्याही कारणाने काढू नये.’ खाली दोन सह्या. आणि त्यांच्याखाली तिसरी सही, माझी. मी पान उलटून नुसती सही ठोकली होती. ते बिचारे चार महिने माझ्या तारखेची वाट पाहत असणार.

पण खरी गोष्ट पुढेच होती. ती पिन मी त्या दिवशी सकाळीच काढली होती.

आम्ही तांबट. बाप-आज्यांची आयुष्यं तांब्याची भांडी ठोकून लखलखीत करण्यात गेली. मळका धातू दिसला की माझे हात शिवशिवतात. सकाळी आमच्या खरातांनी फळीवर लाल कापड अंथरून पान्हे, हातोड्या, कानशी मांडल्या आणि म्हणाले, “मॅडम, विमानाचं बी काय काय आसंल तर आना. आज समद्यांचा मान.” मी उत्साहाने आत चढले. सीटच्या हँडलला लाल फितीची एक पिन होती, काळीकुट्ट. ओढली तर निघाली. घासूनपुसून चांदीसारखी केली आणि पूजेत ठेवली. वर हँडल बोडकं दिसतं म्हणून माळ बांधली, तीही सुतळीच्या दोन गाठी मारून. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा नव्हता, त्यावर माणूस बसला होता.

मी धावले नाही. धावले तर सर विचारतील, वळून बघतील, हँडल धरून उठायला जातील, असं काहीबाही मनात आलं. भराभर चालत मी पूजेच्या फळीपाशी गेले आणि हळदीकुंकवातली पिन उचलली.

“अवं, आज हात लावायचा न्हाई!” खरात ओरडले. “पुजल्याली हत्यारं उद्यापातूर हलवत न्हाईत.”

लक्ष्मण खरात हवाई दलात पंचवीस वर्षं अशाच सीटा आणि बाँब सांभाळून सार्जंट म्हणून निवृत्त झाले होते. आमच्याकडे त्यांना दोनच महिने झाले होते. आल्या आल्या त्यांनी पहिला प्रश्न केला होता, “सीट सेफ हाय का?” मी ऐटीत म्हटलं होतं, “कागद आहे.”

मी तोच कागद त्यांच्यापुढे धरला, मागच्या बाजूने. ते ओठ हलवत वाचत गेले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“ही पिन सीटची?”

“हो.”

“आनि सीटवर?”

“सबनीस सर आहेत. काकू पुढे नाकात आहेत.”

त्यांनी मला शिवी घातली नाही. घातली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्या हातातली पिन घेतली, एकदा कपाळाला लावली आणि म्हणाले, “आवाज चढवायचा न्हाई. चला.”

वाटेत मी विचारलं, “इतकी जुनी दारू. उडेल तरी का?”

“न्हाई उडायची कदाचित. उडाली तर त्यो मानूस वर पत्र्याला जाईल. तुमी कशावर पैज लावताय?”

मी शिडी चढले. सर डोळे मिटून बसले होते. मला पाहून म्हणाले, “अगं, ही माळ नाकात जातेय,” आणि हात वर नेला.

“सर, हात मांडीवर ठेवा.” माझा आवाज चिरका निघाला. “प्लीज. वर नेऊ नका. हँडलला लागू देऊ नका.”

हात हवेतच थांबला. मग अगदी सावकाश खाली आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्यामागे शिडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या खरातांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या पिनेकडे पाहिलं. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

“जिवंत आहे?” ते हळू आवाजात म्हणाले.

“हो सर. चूक माझी आहे. मी मागचं पान…”

“ते नंतर. खरात, काय करायचं म्हणता?”

खरात शिडीच्या दुसऱ्या बाजूने वर आले. तेही कुजबुजत बोलले. “सर, आधी तुमी उतरा. मान वाकवून, कडंकडंनं. दोन मिंटांचं काम. मग ताईंना काढू.”

“माझ्या दोन्ही गुडघ्यांत स्टील आहे. उठायला काहीतरी धरावं लागतं मला. आणि इथे धरण्यासारखी एकच गोष्ट आहे.”

“मग मी आत येऊन पिन घालतो.”

“भोक गंजलेलं असणार. पिन ठोकावी लागेल. धक्का बसला आणि उडालं तर इथल्या इथे जाळ होईल. वहिनी पुढे आहेत, त्यांची वाट इथूनच आहे.” ते थांबले. “त्या आत असताना कुणी कशाला हात लावायचा नाही. आधी वहिनी बाहेर. मग तुमची पिन, मग मी.”

“सर, तितका वेळ तुमी त्येच्याखाली…”

“मी बसतो. मला बसता येतं.”

खरात खाली उतरले आणि ट्रस्टच्या पोरांना शेडबाहेर घालवायला गेले. मी दारातच राहिले, कारण काकूंना मदत करायला कुणीतरी हवं होतं. शिवाय तिथून हलायची मला हिंमतही नव्हती.

“काकू,” मी शक्य तितक्या सहज म्हटलं, “बाहेर येता का? चहा आणलाय.”

“चहा कुठे पळून जातोय?” पुढून आवाज आला. “इथून खालची फरशी दिसते गं सगळी. तो रात्री असाच पालथा पडून नद्या बघायचा. सांगायचा मला. नदी चांदण्यात पहिली दिसते म्हणून.”

“काकू, गार होईल हो चहा.”

“होऊ दे की.”

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम जमला होता आणि तो पुसायला ते हात उचलत नव्हते. त्यांनी घसा खाकरला.

“वहिनी, बाहेर या.”

“का हो?”

“मी सांगतोय म्हणून.”

त्या आवाजात काहीतरी होतं. काकूंनी पुन्हा विचारलं नाही. तळवे हलले. पण पुढे सरपटत जाणं वेगळं आणि त्याच वाटेने उलटं मागे येणं वेगळं. वीतभर आल्या की त्या दम घ्यायच्या. गुडघा टेकला की “आई गं” म्हणायच्या. प्रत्येक हालचालीला ते जुनं विमान बारीक करकरायचं, वरची माळ झुलायची आणि सरांच्या कानाला लागायची. ती माळ कात्रीने कापावी असं मनात आलं. पण कात्री पूजेत होती.

दहा मिनिटं गेली असतील. काकू अर्ध्या वाटेवर अडकल्या. त्यांचा कुडता कशात तरी अडकला होता. मी आडवी होऊन हात लांबवला, चाचपडत कापड सोडवलं. ते टर्रकन फाटलं, आणि सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

“काही नाही सर. कापड फाटलं.”

“हं.”

“सर, तुम्ही उतरायला हवं होतं. खरात म्हणाले तसं. मी तुम्हाला धरलं असतं.”

ते माझ्याकडे न बघता, समोरच्या बंद तबकड्यांकडे बघत बोलू लागले. इतक्या हळू, की मला मान पुढे करावी लागली.

“नॅव्हिगेटरला ही सीट नव्हती, माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे.”

“त्याने पुढून असंच सरपटत यायचं, पॅराशूट छातीला अडकवायचं, तू उभी आहेस ते दार निखळवून टाकायचं आणि उडी घ्यायची. तोवर वैमानिकाने विमान सरळ धरून ठेवायचं. तो गेला की मग आपण हँडल ओढायचं.”

“तुम्ही तसंच केलंत की. सगळे सांगतात.”

“सगळ्यांना मीच सांगितलंय. ‘सदा म्हणाला, निघालो. मग मी ओढलं. त्याचं पॅराशूट उघडलं नाही.’ चौकशीत हेच सांगितलं. वहिनींना हेच सांगितलं. अडतीस वर्षं झाली. तो निघालो म्हणाला नव्हता. त्याचा हात माझ्या बुटाला लागला होता, इथे. इतका जवळ आला होता तो. म्हणाला, ‘थांब, दिनू.’ उजव्या पंखाला आग लागली होती. मी नाही थांबलो.”

सांत्वन करायचं वय माझं नव्हतं आणि अधिकारही नव्हता. मी नुसती शिडी धरून उभी राहिले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढचं सरपटणं थांबलं आहे.

काकूंचे पाय दारापासून हातभर अंतरावर होते. पावलांची बोटं आखडलेली. धाप लागल्याचा आवाजही येत नव्हता. त्या पत्र्याच्या नळकांड्यात टाचणी पडली तरी घुमायची. मला आधीच कळायला हवं होतं.

सरांनाही कळलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. हात मात्र मांडीवरून हलले नाहीत.

“मॅडम,” खालून खरात दबक्या आवाजात म्हणाले, “ताई का थांबल्या? काय अडकलं का?”

मी मानेने नाही म्हटलं. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. एक मिनिट असेल, पाच असतील. जीव टांगणीला लागतो म्हणतात तो कसा लागतो ते मला तेव्हा कळलं. हाक मारावी तर काय म्हणून मारावी? काकू, चहा गार झाला?

मग पाय हलले. एक गुडघा मागे आला, दुसरा आला. मी त्यांची कंबर धरली, खरातांनी खालून पाय शिडीवर टेकवून दिले, आणि काकू बाहेर आल्या. केस सुटलेले, कुडता बगलेत फाटलेला, तळहात गंजाने लाल झालेले. त्या खाली जमिनीवर उभ्या राहिल्या.

“ताई, तिकडं लांब व्हा,” खरातांनी दाराकडे बोट दाखवलं. “शेडच्या भाइर.”

काकू हलल्या नाहीत. त्यांनी विमानाच्या दाराची कड धरली होती. वर पाहिलं नाही. समोरच्या पत्र्याकडे बघतच त्या मोठ्यांदा, एखाद्या बहिऱ्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा म्हणाल्या, “दिनकर भाऊजी, मी बाहेर आले. ऐकू आलं का? मी बाहेर आले.”

मग त्यांनी दाराची कड सोडली.

“आता उतरा तुम्ही,” त्या म्हणाल्या आणि वळून शेडबाहेर गेल्या. चपला तिथेच राहिल्या.

खरात आत शिरले. त्यांनी मला शिडीवरून घालवून दिलं, म्हणून पुढचं मी नुसतं ऐकलं. “सर, मान खाली. हां. आजून जरा.” मग हातोडीची बारीक टकटक. एक. दुसरी. मी कानांवर हात ठेवले होते तरी ऐकू येत होतं. तिसऱ्या टकटकीनंतर खरात म्हणाले, “बसली,” आणि त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला.

सरांना उतरवायला आम्हा दोघांना पाऊण तास लागला. त्यांची बोटं मांडीवरच्या कापडात रुतली होती, ती मी एकेक करून सोडवली. खाली आल्यावर ते खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं. मी रडत माफी मागत होते, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण लक्ष दाराकडे होतं. बाहेर काकू अनवाणी, कट्ट्यावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. चहाचा पेला शेजारी तसाच भरलेला.

संध्याकाळी मी ट्रस्टच्या अध्यक्षांना दोन्ही पानं नेऊन दाखवली. दुसऱ्या दिवशी विमानाचं दार बंद ठेवूनच कार्यक्रम झाला, आणि दिवाळीनंतर डेपोची माणसं येऊन नळीच कापून घेऊन गेली. माझी नोकरी टिकली. का टिकली ते मला अजून नीट कळलेलं नाही.

पण त्या दुपारी, ते दोघं निघाले तेव्हा मी शेडच्या दारात उभी होते. काकूंच्या चपला मी नेऊन ठेवल्या होत्या, त्या त्यांनी मुकाट्याने घातल्या. सर आधी गाडीत मागे जाऊन बसले आणि त्यांनी पलीकडे सरकून जागा केली. काकूंनी पुढचं दार उघडलं आणि ड्रायव्हरशेजारी बसल्या. दार जोरात लागलं. मागच्या काचेतून मला सरांचं पांढरं डोकं दिसत होतं. ते हललं नाही.

गाडी सुरू झाली. खरात म्हणाले, “चला, सुटलो.” मला त्या डोक्यावरून नजर काढता येईना.

गेटपाशी गाडी थांबली. वाटलं, वॉचमन वहीत काहीतरी लिहून घेत असेल. पण वॉचमन तर गेट धरून बाजूला उभा होता. पुढचं दार उघडलं. काकू उतरल्या. गुडघ्यावर हात ठेवून काही वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. मग गाडीला धरत धरत मागे आल्या, मागचं दार उघडलं, आणि आत बसल्या.

मग गाडी गेली.